वसईच्या किल्ल्याची शाकारणी

श्रोतेहो, मृगाचा पाऊस पडण्याआधी कौलारू घरातला माणूस एक काम न चुकता करतो. शिडी लावून छपरावर चढतो, फुटकी कौले काढून नवी बसवतो, पन्हळीत अडकलेला पाला उपसून टाकतो. याला आपण घर शाकारणे म्हणतो. ज्या वर्षी शाकारणी चुकते त्या वर्षी वाशाला पाणी लागते. दुसऱ्या वर्षी वासा कुजतो. तिसऱ्या वर्षी चार कौलांच्या खर्चाऐवजी सुताराचा खर्च दारात उभा राहतो. हा हिशेब तुम्हांला कुणी शिकवायला नको. आज याच हिशेबाने एका मोठ्या, बिनछपराच्या घराविषयी बोलायचे आहे. पालघर जिल्ह्यातला वसईचा किल्ला, त्याची निगा, तिथे येणाऱ्या माणसांची सोय, आणि या दोन्हींचे पैसे कुणी द्यायचे, हा आजचा विषय.

ज्यांनी किल्ला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावर उतरायचे, वसई गावात यायचे आणि बाजार मागे टाकून खाडीच्या तोंडाकडे निघायचे. शंभर एकरांहून अधिक जागा तटाने वेढलेली आहे. तिच्यामधून सार्वजनिक रस्ता जातो आणि पलीकडे किल्लाबंदर या कोळ्यांच्या गावात उतरतो. म्हणजे किल्ला पाहायला आलेला मुंबईचा पाहुणा आणि बाजार आटोपून घरी निघालेली किल्लाबंदरची कोळीण, दोघांची वाट एकच. आत ताडाची झाडे आहेत, रान आहे, आणि त्या रानातून डोके वर काढलेल्या चर्चच्या भिंती आहेत. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे आणि त्याच्या पोटातून एक चक्री जिना वर जातो. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेसुइट अशा निरनिराळ्या पंथांची चर्चे जवळजवळ आहेत. नागेश्वराचे देऊळ आहे. चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. एका तटाच्या आत इतके सगळे, असा किल्ला आपल्या कोकणपट्टीत दुसरा सापडणे कठीण.

इतिहास गुरुजी शाळेत सांगतातच, तेव्हा मी भराभर सांगतो. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तट बांधला, शहर वसवले, आणि पुढे दोनशे वर्षे उत्तरेकडच्या फिरंगाणाचा कारभार येथून चालला. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात गेला, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मारला गेला, आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. १७३९ च्या फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. तटाखाली सुरुंग खणले, ते उडवले, माणसे हजारांनी पडली. मे महिन्यात किल्ला हाती आला. एवढी माणसे गमावूनही अप्पांनी फिरंग्यांना शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिले, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पुढे १७८० साली इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत आला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला त्याला वसईचेच नाव मिळाले.

वसईच्या घंटांची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल. येथल्या चर्चमधल्या घंटा विजयानंतर मराठ्यांनी नेल्या आणि देवळांतून टांगल्या, असे परंपरा सांगते. नाशिकला नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळ मेणवलीची घंटा. त्या आजही नीट आहेत, कारण कुणी ना कुणी रोज त्यांच्याजवळ जातो, त्यांची धूळ पुसतो. ज्या भिंतींमधून त्या काढल्या, त्या भिंतींना मात्र असा रोजचा माणूस उरला नाही.

आता भिंत पडते कशी ते पाहू. तोफांनी पडायचे ते १७३९ मध्ये पडले. आज भिंत पाडणारा शत्रू वेगळा आहे, आणि तो अगदी लहान असतो. कावळा पिंपळाचे फळ खातो आणि भिंतीच्या माथ्यावर बसतो. पहिल्या पावसात चुन्याच्या फटीत दोन पानांचे रोप येते. त्या वर्षी ते चिमटीत धरून उपटता येते. चार-पाच वर्षांनी त्याला कोयता आणि करवत लागते, आणि मूळ आतच राहते. वीस वर्षांनी त्या मुळानेच दगड धरलेले असतात. झाड ठेवले तर भिंत फाटते, आणि काढायला गेले तर भिंत झाडाबरोबर येते. वड, उंबर यांचाही असाच प्रकार. भिंतीचा माथा उघडा पडला, की पावसाळ्याचे चार महिने पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते आणि चुना धुऊन नेते. त्यात समुद्राचा खारा वारा. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, आतून पोकळ झालेली असते. मग एका रात्री कमान खाली येते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि सगळे हळहळतात.

उपाय माहीत नाही असे मुळीच नाही. सर जॉन मार्शल यांनी या कामाची पुस्तिका १९२३ सालीच छापली होती, आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने २०१४ मध्ये नवे धोरणही जाहीर केले. पावसाळा सरला की रोपे काढायची, मुळांचा बंदोबस्त करायचा, माथ्यावर चुन्याचा कोबा करून पाणी बाहेर पडेल असा उतार द्यायचा, उघड्या पडलेल्या दरजा चुन्याने भरायच्या. चुन्याने, सिमेंटने नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की सिमेंट म्हणजे मजबुती. जुनी भिंत श्वास घेते. तिच्यात शिरलेले पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सिमेंटचा सांधा ते पाणी आत कोंडतो, मग पाणी दगडातूनच वाट काढते, बरोबरचे मीठ दगडाच्या पोटात फुलते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपले जुने गवंडी चुना घाणीत मळीत. ठिकठिकाणी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालीत. असा चुना हळूहळू आवळतो, हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही. ओल धरून ठेवावी लागते.

आणि इथेच पैशाची गोष्ट येते. सरकारी वर्ष एप्रिलपासून सुरू होते. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत उन्हाळा जातो, मग पावसाळा लागतो. काम सुरू व्हायला दिवाळी उलटते, आणि मार्चअखेर पैसे खर्ची पडले पाहिजेत अशी घाई होते. चुन्याला हवे सावकाश काम, हिशेबाला हवा झटपट निकाल. मार्चच्या उन्हात भराभर केलेला गिलावा तडकला तर त्यात गवंड्याचा काय दोष? शिवाय मोठी रक्कम आली की मोठे काम निघते, दरवाजा नव्याने उभा राहतो, फलक लागतो. रोपे उपटायला चार मजूर बारा महिने ठेवायचे, या कामाला ना फलक ना उद्‌घाटन. वसईच्या किल्ल्यात अलीकडच्या वर्षांत काही भागांची डागडुजी झालेली आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण दुरुस्त केलेल्या भिंतीवरही पुढल्या पावसात पिंपळ उगवतोच. माझे म्हणणे एवढेच, की वसईला एकदाच मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दरसाल ठरलेल्या वेळी, न मागता मिळणारी लहान रक्कम अधिक उपयोगाची आहे. सप्टेंबर संपता संपता ती हातात पडली पाहिजे.

ही रक्कम द्यायची कुणी? किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. खात्याच्या मुंबई मंडळाकडून त्याचा कारभार चालतो. म्हणजे राज्य सरकारला किंवा २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेला मनात आले म्हणून इथे एक वीटसुद्धा लावता येत नाही, केंद्राची परवानगी लागते. दगडाची जबाबदारी केंद्राची, हे उघड आहे. पण केंद्राकडे अशी स्मारके किती? सुमारे ३,७००. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये यांतल्या १,६५५ स्मारकांची जागेवर जाऊन तपासणी केली, तर ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. त्यांतल्या काहींचा ठावठिकाणा पुढे लागला, काही शहरांनी आणि धरणांनी गिळली. आणि राखणदारांचे पाहा. २०२२ साली संसदेच्या समितीपुढे जी माहिती आली तिच्याप्रमाणे गरज होती सात हजार माणसांची, आणि नेमता आली होती २,५७८, तीही २४८ ठिकाणी. बाकीच्या हजारो स्मारकांना कुलूप आणि निळा फलक एवढाच आधार. तो निळा फलक तुम्ही पाहिला असेल. स्मारकाची नासधूस केली तर शिक्षा होईल असे त्यावर लिहिलेले असते. १९५८ च्या कायद्यात २०१० साली सुधारणा होऊन ती शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी वाढवली आहे. शिक्षा वाढली, पण भिंतीवर नाव कोरणाऱ्याला हटकायला माणूस पाहिजे ना!

आता मला दिसते आहे, की तुमच्यापैकी एखादा शेतकरी रेडिओजवळ बसून म्हणत असेल, "काय हो मास्तर, आमच्या शाळेचे पत्रे गळतात, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही फिरंग्यांच्या पडक्या भिंतींना पैसे मागता?" दादा, प्रश्न रास्त आहे. शाळेचे पत्रे आधी बदलले पाहिजेत, यावर माझे तुमचे दुमत नाही. पण किल्ल्याकडे दुर्लक्ष करून वाचलेला पैसा शाळेकडे येतो, असे कधी घडलेले दिसत नाही. तो दहा वर्षांनी दसपट होऊन किल्ल्यावरच खर्च होतो, नाहीतर खर्च करायला किल्लाच उरत नाही. आणि भिंती फिरंग्यांच्या म्हणाल, तर त्या आपल्याच गवंड्यांनी, आपल्याच मातीतल्या दगडाने बांधल्या. वसईचा दगड गोव्याच्या बॉम जेझू चर्चलाही नेला असे सांगतात. तो दगड फोडणारे, वाहणारे हात इथलेच होते की नाही?

दुसरा एखादा म्हणेल, तिकीट लावा. ज्याला पाहायचे आहे त्याने पैसे द्यावेत. वरवर हे बरोबर वाटते. केंद्राच्या स्मारकांपैकी दीडशेच्या आसपास ठिकाणी तिकीट आहे. २०१८ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे रायगडासारख्या ठिकाणी भारतीय माणसाला २५ रुपये आणि परदेशी पाहुण्याला ३०० रुपये पडतात, १५ वर्षांखालच्या मुलांना माफी आहे. वसईत प्रवेश मोफत आहे, आणि तो तसाच राहावा असे मला वाटते. एक तर तिकिटाचा पैसा त्या त्या किल्ल्यापाशी राहत नाही, केंद्राच्या तिजोरीत जातो. वसईत गोळा झालेला रुपया वसईच्या भिंतीवर लागेल याची हमी नाही. दुसरे, मघाशी सांगितले तसा रस्ता किल्ल्यातून जातो. नागेश्वराला जाणारा भाविक, संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला जुन्या चर्चमध्ये जमणारी मंडळी, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण, यांतला तिकीटवाला कोण आणि बिनतिकिटाचा कोण, हे दरवाजावरचा शिपाई कसे ठरवणार? आणि तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. किल्ल्याची किंमत किल्लाबंदरचे लोक आधीच मोजत आहेत.

ती कशी, ते जरा सविस्तर सांगतो. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे केंद्राच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीवाचून करता येत नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगीचा कागद लागतो. स्मारकाभोवती उंच इमारती उठू नयेत म्हणून केलेला हा नियम चांगलाच आहे. तो नसता तर आज वसईच्या तटाला खेटून सात मजले उभे राहिले असते. पण तटाजवळच्या कोळ्याचा मुलगा लग्नाचा झाला आणि त्याला एक खोली वाढवायची झाली, की तो अडतो. अर्ज, नकाशे, खेपा. समुद्रावर जायचे दिवस त्यात जातात. सगळ्या देशाच्या वारशासाठी एका गावाने घराची खोली सोडली, आणि त्याच गावाला आपण दरवाजात तिकीट मागायचे? मी तर उलट म्हणेन, की किल्ल्यात जी रोजची कामे निघतील, रोपे काढणे, झाडलोट, राखण, वाटाड्याचे काम, त्यांवर पहिला हक्क किल्लाबंदर, पाचूबंदर आणि वसई गावातल्या मुलामुलींचा असावा. दुरुस्तीचे परवाने ठरावीक दिवसांत मिळावेत. किल्ला जवळ असल्याचा काही फायदा झाला तर माणूस किल्ल्याकडे वेगळ्या नजरेने पाहील.

मग पैसा उभा करायचा कुठून? मोटार उभी करण्याचे भाडे घ्यावे. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी सजून येतात, सोबत छत्र्या, दिवे आणि दहा माणसे असतात. त्यांच्याकडून घ्यावे. सिनेमावाले येतात त्यांच्याकडून तर घ्यावेच. हे भरणारे लोक आहेत. फक्त तो पैसा वसईच्याच खात्यात पडेल अशी तरतूद हवी. अशी वाट अगदीच नाही असे नाही. १९९६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला. त्याला देणगी देताना ती कोणत्या स्मारकासाठी हे सांगता येते, आणि देणगीवर आयकरात सूट मिळते. वसई, नालासोपारा, विरारकडे कारखानदार, बागायतदार, परदेशी स्थायिक झालेली कुटुंबे थोडी आहेत काय?

कंपन्यांच्या हाती किल्ला द्यावा की नाही, यावर मात्र सावध राहायला हवे. 'वारसा दत्तक घ्या' अशी योजना केंद्राने २०१७ मध्ये काढली. दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या सोयींसाठी २०१८ साली एका सिमेंट कंपनीने पाच वर्षांत २५ कोटी देण्याचा करार केला तेव्हा केवढे काहूर उठले होते! २०२३ मध्ये त्या योजनेला नवे रूप दिले. पाणी, स्वच्छता, सुरक्षितता, माहितीफलक, अपंगांसाठी वाट, असल्या सोयींपुरता कंपन्यांचा पैसा घ्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. तेवढ्यापुरते मला ते मान्य आहे. पण दगडाला हात लावण्याचा अधिकार आणि दरवाजाची किल्ली खात्याकडेच राहावी. आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरात काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली आणि महाराष्ट्र खवळला. शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. गंमत अशी, की ज्या पोर्तुगालच्या लोकांनी वसई बांधली त्यांनी आपल्या देशात हेच केले. ओबिदुश गावच्या जुन्या किल्ल्यात १९५० च्या सुमारास सरकारी अतिथिगृह निघाले आणि तिथे आजही पाहुणे उतरतात. तिथल्या किल्ल्याला छप्पर होते, खोल्या होत्या, गाव लहान होते. वसईच्या चर्चना छप्पर घालून हॉटेल करायचे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पाडणेच होय.

इंग्लंडकडे पाहा. तिथे २०१५ साली सरकारने चारशेहून अधिक जुन्या वास्तू एका धर्मादाय संस्थेकडे सोपवल्या आणि साठलेली दुरुस्ती उरकायला आठ कोटी पौंड एकदम दिले. पुढे आपला खर्च आपण काढा असे सांगितले. ती संस्था डोव्हरच्या किल्ल्यासारख्या मोठ्या ठिकाणी तिकीट घेते, सभासद करून घेते, चहाची दुकाने चालवते, आणि त्या पैशावर बऱ्याच लहान वास्तू लोकांना मोफत पाहायला मोकळ्या ठेवते. आपल्याकडेही मोठ्या रकमा निघतात, नाही असे नाही. रायगडासाठी ६०६ कोटींचा आराखडा मंजूर झाला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतली जिंजी. मला त्याचा आनंदच आहे. वसई त्या बारांत नाही. यादीतल्या किल्ल्यांकडे लक्ष आणि पैसा वळेल, आणि यादीबाहेरचा किल्ला मागे राहील, ही भीती मात्र मनात येते.

आता सोयींविषयी. पुष्कळांना वाटते, आधी भिंती, मग उरले तर पाहुण्यांच्या सोयी. मला हा क्रमच मान्य नाही. जिथे मुतारी नसते किंवा तिला कुलूप असते, तिथे लोक कुठे जातात? चर्चच्या कोपऱ्यात, बुरुजाच्या आडोशाला. दगडाला त्याचाही क्षार लागतो, आणि त्या वासाने चांगला माणूस तिकडे फिरकत नाही, मग दारूच्या बाटल्या घेऊन बसणाऱ्यांना ती जागा मोकळी मिळते. कचऱ्याची पेटी नसली की कचरा विहिरीत जातो. फलक नसला की ज्या भिंतीवर चढू नये तिच्यावर पोरे चढतात. तेव्हा ही सोय म्हणजे राखणच आहे.

आणि बाईंनो, तुम्ही सहली नेता, तुम्हांला हे जास्त ठाऊक. वाडा, विक्रमगड, जव्हारकडून मुली पहाटे निघतात. वाटेत आणि किल्ल्यात सोय नसेल या धास्तीने त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. दुपारी उन्हात कुणाला तरी चक्कर येते. इतिहासाचा धडा तिथेच संपतो. शौचालय बांधणे सोपे असते. एक वर्षाने त्याला पाणी आहे का, कडी आहे का, दिवा लागतो का, झाडणाऱ्या बाईला पगार वेळेवर मिळतो का, हे खरे प्रश्न. इमारतीला पैसा मंजूर होतो आणि झाडूला होत नाही, अशी आपली जुनी रीत आहे. इथे महानगरपालिकेने पुढे यावे. गावाला पाणी, दिवे, कचरागाडी तीच पुरवते. केंद्राच्या परवानगीने, तटापासून योग्य अंतरावर, किल्ल्याला तेवढेच पुरवणे तिला जड नाही. गडकिल्ल्यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून काही हिस्सा ठेवण्याची सोय राज्याने केली आहे. पालघर जिल्ह्याने त्यातून झाडूचा पगार भागवावा. असली लहान मागणी कुणी करत नाही म्हणून ती मंजूरही होत नाही.

गावोगावची तरुण मंडळे रविवारी येऊन किल्ला झाडतात, वाटा मोकळ्या करतात, हे मी पाहतो आणि मला त्यांचे कौतुक वाटते. एकच विनंती. भिंतीवरचे झाड उत्साहाने ओढून काढू नका. दोन पानांचे रोप ठीक, पण जून झालेले झाड खात्याच्या माणसाला विचारूनच. मुळाबरोबर दगड येतो.

गुरुजींनी एक गोष्ट करून पाहावी. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये झाला. दहा रुपये भरून साधा अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन असा अर्ज तयार करा आणि स्वतःच्या नावाने पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाकडे पाठवा. प्रश्न तीनच विचारा. गेल्या पाच वर्षांत वसईच्या किल्ल्यावर दरसाल किती खर्च झाला? त्यातला रोपे काढणे आणि झाडलोट यांवर किती? आणि पैसे कोणत्या महिन्यात हाती आले? उत्तर आले की ते फळ्यावर लिहा, मुलांना त्याचा आलेख काढू द्या. नागरिकशास्त्र, गणित आणि इतिहास एका तासात होतील. उत्तर नाही आले तर पहिले अपील कसे करायचे तेही मुलांना कळेल.

किल्ला वाचायला मदत हवी असेल तर दोन जुनी पुस्तके आहेत. गेर्सन द कुन्हा या मुंबईच्या गोवेकर डॉक्टरांनी चौल आणि वसई यांवर १८७६ साली इंग्रजीत लिहिलेले पुस्तक, आणि १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यांतली वर्णने हातात धरून फिरले की तेव्हा काय उभे होते आणि आता काय आहे, हे ताडून पाहता येते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

सहल नेणार असाल तर दिवाळीनंतर न्या. त्या वेळी गवत वाळू लागलेले असते आणि वाटा दिसू लागतात. मनोऱ्याच्या चक्री जिन्यावर एका वेळी चारपाच मुलेच जाऊ द्या, कठड्याशी एक शिक्षक उभा ठेवा. पाण्याचे पिंप बरोबर घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी वसईत कुणाला तरी विचारून ठेवा, की शौचालय उघडे आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते. आणि परतताना समुद्राकडच्या दरवाजाने किल्लाबंदरात उतरा. तिथे होड्या लागलेल्या असतात, वलांडीवर बोंबील सुकत असतात. एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला मुलांनी विचारावे, "बाबा, तुमच्या लहानपणी ही भिंत किती उंच होती?"